हजेरीचं पदक

“हजर व्हतू, बस.”

आबांना पदकाबद्दल कुणीही विचारलं की एवढंच उत्तर यायचं. म्हणताना ते उजवा पंजा हवेत आडवा फिरवायचे, ओट्यावर सांडलेलं पीठ पुसून टाकावं तसा. म्हणजे विषय पुसला. पुन्हा विचारलंत तरी उत्तर तेच आणि पंजाही तोच.

तुम्ही शहाद्याच्या एसटी स्टँडवर कधी उतरला असाल तर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. पांढरा पायजमा, पांढरी टोपी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या आणि डाव्या हातावर भाजल्याचे जुने चट्टे. नाव सांगत नाही, त्यांना ते आवडलं नसतं. खूण सांगतो. ब्राह्मणपुरीच्या गाडीत गर्दी झाली की कुणी दांडा पकडतं, कुणी सीटचा कोपरा पकडतं, कुणी सरळ शेजाऱ्यालाच पकडतं. आबा काहीच पकडायचे नाहीत. पाय फाकवून, गुडघे जरासे वाकवून, हात पाठीमागे बांधून गाडीच्या मधोमध उभे. गाडी खड्ड्यात आदळली की सगळी माणसं एकमेकांच्या अंगावर आणि आबा जागच्या जागी. कंडक्टर ओरडायचा, “आबा, धरा ना भो काहीतरी!”

“हाई काय हालनं शे?” आबा म्हणायचे. “हालनं तुनी पाह्यंच नई.”

आता आमच्या नंदुरबार जिल्ह्यात समुद्र कुठला? एका अंगाला सातपुडा, दुसऱ्या अंगाला तापी, मध्ये कापूस, केळी, ऊस. समुद्र आम्ही भूगोलाच्या पुस्तकात निळ्या रंगानं भरलेला पाहिला, तोही परीक्षेपुरता. अशा मुलखातला माणूस नौदलात गेला कसा, हे मी त्यांना एकदा विचारलं. तर म्हणाले, धुळ्याला भरती होती. दोन रांगा होत्या. एक लांब होती, एक बारकी.

“बारकी रांगमा उभा ऱ्हायनू. पुढे गऊ तवय समजनं, हाई पानीवाली शे.”

“मग परत का नाही फिरलात?”

“मांगे कोनी जागा सोडी व्हती का?”

माझं स्टँडसमोर टेलरिंगचं दुकान आहे. आहे म्हणजे बोर्ड आहे, मशीन आहे, मी आहे. रेडिमेडनं आमचा धंदा खाल्ला. आता मी पँटी आखूड करतो आणि चेनी बदलतो. त्यामुळे माझा स्वभाव तिखट झालाय असं मी सांगत फिरतो. बायको म्हणते, लग्नाच्या वेळीही तिखटच होता. असो. सांगायचं असं की मला गिऱ्हाईक नसलेला माणूस दुकानाच्या बाकावर बसलेला खपत नाही. एक आबाच तेवढे बसले, आणि वर्षानुवर्षं बसले.

पहिल्यांदा आले ते हिंगाची पत्र्याची डबी घेऊन. डबी उघडली, तर हिंगाचा भपकारा आणि त्यात ते पदक. गोल, रुपयापेक्षा मोठं. वरची कापडी पट्टी हळदीच्या डागांनी पिवळी पडलेली आणि मधोमध विरलेली. नातीच्या शाळेत पंधरा ऑगस्टला दाखवायला हवं होतं.

“मास्तर, पट्टी नवी करी द्या.”

“आबा, हे देशाचं पदक. ते मसाल्यात ठेवतात होय?”

“मंग कोठे ठेवू? घरमा मन्ही तेवढीच डबी शे.”

पट्टीचा रंग तांबूस, त्यात बारीक पांढऱ्या रेघा. तसली पट्टी आमच्या बाजारात कुठून मिळणार? मी एका जुन्या ब्लाउजपीसमधून कापड काढलं, त्यावर पांढरी नाडी चिरून शिवली. सरकारी पट्टीच्या तोडीस तोड झाली, हे मी आजही छाती ठोकून सांगतो. शिवताना पदक हातात फिरवलं तर त्याच्या कडेवर अक्षरं कोरलेली दिसली. आकडे, मग नाव, आणि नावाआधी इंग्रजीत ‘कुक’. हॉटेलच्या पाट्या वाचून वाचून तेवढं इंग्रजी मला येतं.

“आबा, तुम्ही आचारी होतात?”

“तुमले काय वाटनं, तोफ चालाडू?”

मी चक्रावलो. कारण तोवर मी काय काय ऐकलं होतं! आबांनी एकाहत्तरच्या लढाईत शत्रूचं जहाज बुडवलं. आबा पाण्याखालून पोहत गेले. एका चहावाल्यानं तर मला सांगितलं होतं की आबांनी एकट्यानं पाणबुडी पकडली, जणू तापीतला मासाच. आबांना मी हे सांगितलं तर ते एवढे हसले की टोपी पडली. आबांना पोहता जेमतेम येत होतं, तेही विहिरीत, कडेकडेनं.

त्यांचं म्हणणं साधं होतं. हे पदक शौर्याचं नाही. लढाईत जो जो जहाजावर होता त्या सगळ्यांना मिळालं. कप्तानालाही हेच आणि झाडूवाल्यालाही हेच. शाळेत मुलगा हुशार असो की ढ, आला असेल तर मास्तर हजेरी मांडतातच, तसं.

“पण लढाईत तुम्ही काय केलंत?” मी एकदा चिकाटीच धरली. बाकावर चहा आला होता. आबा बशी धरायचे तीही कोपर पोटाशी दाबून, जहाज हलतंय अशा बेतानं.

“चूल बंद करानी आर्डर व्हती. आदला टाईमले पुऱ्या आन् सुका बटाटा करी ठेयेल व्हता. मंग खालनी खोलीमा दार लाईसन बठनूत. आवाज ऊना. आवाज गया. बस.”

“भीती वाटली?”

“भलती. पन पळू कोठे? चारीबाजूले पानी.”

“आणि मग?”

“मंग दार उघडं. मी चूल पेटाडी. सगळास्ले चहा दिधा. एक जन रडी ऱ्हायंता, त्याले दोन कप दिधात.”

मला विचाराल तर त्या दोन कपांचंही पदक द्यायला हरकत नव्हती. पण आबांचा पंजा हवेत फिरलेला होता.

आता हजर राहण्याचं हे खूळ त्यांच्या डोक्यात कुठून आलं, ते ऐका. ही गोष्ट त्यांनी मला तुकड्या-तुकड्यानं सांगितली, मी टाके घालून एक केली आहे.

लढाई सुरू झाली तेव्हा गावात पेपर यायचा तो एकच, तोही दुसऱ्या दिवशी. शाळेतल्या गुरुजींनी पारावर वाचून दाखवलं की आपलं एक जहाज बुडालं. आबांची आई पारामागच्या घरात भाकरी थापत होती. तिनं हंबरडाच फोडला. गुरुजी जहाजाचं नाव वाचून सांगत होते, समजावत होते की आपल्याकडे खूप जहाजं आहेत. पण ऐकतो कोण? त्या माउलीनं जन्मात पाण्यावरचं एकच वाहन पाहिलं होतं, तापीवरची प्रकाशा गावची होडी. ती एकच असते. ती बुडाली म्हणजे बुडाली. तिच्या लेखी समुद्रातही एकच जहाज होतं आणि त्यात तिचा मुलगा होता.

गावानंही मान डोलावली. कुणी पाहिला होता समुद्र? भावांनी डोकी भादरली, दहावा केला, पिंड दिले, कावळाही शिवला. कावळा शिवला म्हटल्यावर तर कुणाला शंकाच उरली नाही. आबा हे सांगताना मांडीवर थाप मारायचे. “तो कावळाले तरी समजाले पाह्यजे व्हतं ना मास्तर!”

मग महिन्याभरानं आबांचं पत्र आलं. आनंदीआनंद! आईनं गुरुजींकडून ते तीनदा वाचून घेतलं. पण भाऊबंदांत जे थोरले काका होते ते अडून बसले. एकदा पिंड दिले की माणूस कुळातून गेला. परत घ्यायचा तर विधी करावा लागेल, नाव पुन्हा ठेवावं लागेल, आणि ते तो समोर आल्यावरच.

आबांना यातलं काही ठाऊक नाही. त्यांनी रजा काढली ती श्रावणातली, कानबाईची. खान्देशाबाहेरच्यांना सांगतो, कानबाई ही आमची देवी, नारळाच्या रूपातली. तिला बसवायची, नथ घालायची आणि तिचे रोट करायचे. रोट म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या. घरच्या माणशी सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचा, तोच दळायचा, त्याचेच रोट. ते फक्त भाऊबंदांनी खायचे. परक्याला घास नाही, जमिनीवर कण सांडायचा नाही. ज्याचा गहू मोजला तो घरचा. ज्याचा मोजला नाही तो कितीही जवळचा असला तरी त्या दिवशी परका.

तर ट्रंक डोक्यावर घेऊन, एवढा प्रवास करून, हा माणूस ऐन रोटाच्या पंगतीत दारात उभा. आणि त्याचा गहू कुणी मोजलेलाच नाही! काका म्हणाले, पोऱ्या, तू आज ओट्यावर बस. तुला उद्या वेगळं रांधू. लढाईतून जिवंत आलेला माणूस आपल्याच घराच्या ओट्यावर, ट्रंकेवर बसला. आत पंगत जेवतेय.

आई उठली. ताटातला आपला रोट तिनं मधोमध मोडला आणि अर्धा घेऊन बाहेर आली. काका ओरडले. त्यावर ती जे बोलली ते आबा मला सांगायचे तेव्हा दरवेळी टोपी काढून मांडीवर ठेवायचे.

“तो जलमना तवय तुम्ही कोठे व्हतात? मी हजर व्हतू. माले इचारा तो घरना शे का नई.”

काकांनी पुढचा घास घेतला. पुढे विधी झाला तोही ऐकण्यासारखा. मिशा फुटलेला तो खलाशी पाळण्यात मावणार कसा? मग एक पाय पाळण्यात ठेवला, बहिणीनं कानात नाव सांगितलं, बायकांनी पाठीत धपके घातले. नौदलातल्या माणसाच्या पाठीवर धपके घालायची संधी पुन्हा येत नाही म्हणून शेजारणींनीही हात धुऊन घेतले. आबा म्हणायचे, लढाईत लागलं नाही तेवढं त्या दिवशी लागलं.

पण तो अर्धा रोट त्यांच्या पोटात गेला आणि तिथंच राहिला. नोकरी संपवून गावी आल्यावर आबा जे हजर राहायला लागले ते शेवटपर्यंत. लग्न, बारसं, मयत, ऑपरेशन. कुणाचंही. सपाटीवरच्या पाटलाचं असो की वर सातपुड्यातल्या पावरा आदिवासी कुटुंबाचं असो. एकदा खांडबाऱ्याला एका मयतीला गेले. तिथं घरच्यांनी विचारलं, बाबा, तुम्ही कोण? आबा म्हणाले, “एक डाव बसमा याना शेजारे बठेल व्हतू.” घरच्यांनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि त्यांना चहा दिला.

माझ्या बायकोचं ऑपरेशन नंदुरबारला होतं. हा माणूस सकाळच्या गाडीनं येऊन बाकावर माझ्या शेजारी बसला. ना फळं आणली, ना चौकशी केली. मी चिडलो होतो, घाबरलो की मी चिडतोच. म्हटलं, “आबा, तुम्ही कशाला आलात? इथं काय करणार तुम्ही?”

“काहीच नई.”

“मग?”

“तुम्ही तुमनं काम करा. मी बठेल शे.”

माझं काम म्हणजे दाराकडे बघत राहणं. दुपारी डॉक्टर बाहेर आले तेव्हा मला उठवेना. आबांनी काखेत हात घालून मला उभं केलं आणि डॉक्टर बोलत होते तोवर तसंच धरून ठेवलं. सगळं ठीक झालं होतं. आबा आल्या पावली एसटीनं परत गेले. त्या दिवसापासून माझ्या दुकानातल्या बाकाचा एक कोपरा त्यांचा झाला.

आता त्यांच्या मुलाचं सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. मुलगा केळीचा व्यापारी. ट्रक भरून दिल्लीकडे पाठवतो. कष्टाळू आहे, माणूस वाईट नाही. पण त्याचं दुखणं जुनं होतं. लहानपणी शाळेत पोरांनी विचारलं, तुझा बाप नेव्हीत काय करतो? यानं ठोकून दिलं, शत्रूचं जहाज बुडवलं. तिथून ती गोष्ट निघाली. गावभर झाली, स्टँडवर आली, माझ्या चहावाल्यापर्यंत पोहोचली. पोरगा मोठा झाला तशी गोष्टही मोठी झाली, आणि मग त्याला ती खाली ठेवता येईना. घरात रोटाचं पीठ आबा स्वतः मळायचे. जहाजावर पोतंपोतं कणीक मळलेला माणूस, त्याला बायकांचं मळणं पटायचं नाही. तेव्हा हा मुलगा दार लोटून घ्यायचा, बाहेरून कुणी बघू नये म्हणून.

दोन वर्षांपूर्वी गावात प्रवेशद्वार बांधायचं ठरलं. मुलानं पुढाकार घेतला. सव्वीस जानेवारीला उद्घाटन. वरच्या फलकावर आबांचं नाव आणि त्याखाली ‘शत्रूचे जहाज बुडविणारे शूरवीर’. पेंटरनं रंगवून वर कापड झाकून ठेवलं होतं. आबांना आदल्या दिवशी कळलं. ते माझ्याकडे आले आणि हिंगाची डबी बाकावर ठेवली.

“मास्तर, त्यानी माले इचारं बी नई.”

“आबा, एक दिवस कानाडोळा करा. पोरगा हौसेनं करतोय.”

“तो जहाजवर आठशे... सोडा, कितला बी व्हतात. त्यास्ना पोटमा मी पुऱ्या घाल्या. हाई खोटं लिखं म्हंजे त्या पुऱ्या खोट्या व्हई ग्यात.”

मी डबीचं झाकण घट्ट लावून ती त्यांच्या हातात दिली. 

दुसऱ्या दिवशी मी गेलो. मंडप, खुर्च्या, शाळेची मुलं, बोलावलेले पाहुणे. पाहुण्यांनी जहाज बुडवण्याचं असं वर्णन केलं की काठावर हेच उभे असावेत. टाळ्या पडल्या. मग आबांच्या हातात माईक आला. आबा पाय फाकवून उभे राहिले, एसटीत राहायचे तसेच.

“मी जहाज बुडाडं नई,” आबा म्हणाले. “मी आचारी व्हतू. पुऱ्या तळ्यात, चहा कया. लढाई व्हयनी तवय मी हजर व्हतू, बस.”

 मागून कुणीतरी फिस्सकन हसलं, “म्हंजे रांधनारा!” आणि मग हशा पसरला. वाईट हशा नव्हता तो, गावच्या लोकांचा असतो तसा होता. पण मुलाचं तोंड मी पाहिलं. तो तिथंच चार माणसांत उघडा पडला होता. आबांनी पदक काढलं आणि त्याच्यापुढं धरलं.

“भाऊ, याना कडवर लिखेल शे ते वाची दाखाड सगळास्ले.”

मुलानं हात पुढं केला नाही. आबा हात तसाच पुढं धरून उभे राहिले. शेवटी शाळेच्या मुख्याध्यापकांनी राष्ट्रगीत सुरू करायला सांगितलं म्हणून ते संपलं. फलकावरचं कापड काही निघालं नाही. पुढे पेंटरनं वर पांढरा हात मारला आणि तो फलक आजही कोरा आहे.

त्या दिवसापासून मुलगा बापाशी बोलेना. एकाच घरात, एकाच ओसरीवर. सुनेला म्हणायचा, “त्यास्ले सांग, जेवाले उठा.” आबा समोरच बसलेले! सून बिचारी लेकाचा निरोप बापाला आणि बापाचा निरोप लेकाला, हातभर अंतरावरून पोहोचवायची. स्टँडवर आबा हे गमतीनं सांगायचे. जहाजावर वायरलेस होतं, घरात सून आहे म्हणायचे. मीही हसायचो. पण एकदा भर दुपारी, दुकानात कुणी नसताना, त्यांनी बशी खाली ठेवली.

“मास्तर, माले गेट नको, पदक नको. तो माले फक्त एक डाव ‘आबा’ म्हनाले पाह्यजे. तो रांधनाराना पोऱ्या शे, हाई त्याले जड जाई ऱ्हायनं.”

“मग तुम्हीच बोला ना पुढं होऊन.”

“मी बोलस रोज. उत्तर देस नई.” मग थोड्या वेळानं म्हणाले, “पन मन्हं ताट वाढाले सांगस. उठीसन जास नई. हजर शे तो.”

असा माणूस! स्वतःला समजूत घालायलाही त्याच्याकडे तेवढा एकच शब्द होता. मला त्यांचा राग आला, मुलाचा आला आणि रडूही आलं. मी मशीन उगाच जोरात चालवलं.

या चैत्रात आबा पडले. शहाद्याच्या दवाखान्यात ठेवलं. मी दुकान बंद केलं आणि जाऊन बाकावर बसलो. काय करणार होतो? काहीच नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला मुलगा बसला होता. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं. सून आत-बाहेर करत होती. दोन दिवस तो बाकावरच. ट्रकवाल्यांचे फोन यायचे, तो कापायचा. पण आत पाऊल टाकायचा नाही. तिसऱ्या दिवशी मला राहवलं नाही. म्हटलं, “भाऊ, बाक काही आजारी नाही. आजारी माणूस आत आहे.”

मला वाटलं आता हा माझ्या अंगावर येणार. पण तो उठला आणि आत गेला. दार उघडंच राहिलं म्हणून मला दिसत होतं. खाटेच्या पायथ्याशी बसला आणि बापाचे पाय चेपू लागला. आबांनी डोळे उघडले.

“ऊना का?”

मुलगा काही बोलला नाही. मान खाली घालून पाय चेपत राहिला. आबा “बरं” म्हणाले आणि डोळे मिटले. संध्याकाळच्या आत ते गेले.

मयतीला जितकी माणसं आली तितकी मी आजवर एका ठिकाणी पाहिलेली नाहीत. वरच्या पाड्यांवरची माणसं जीप करून आली होती. खांडबाऱ्याचे आले होते. एसटीचे कंडक्टर ड्युटी संपवून गणवेशातच आले. कुणी विचारलंच, तुम्ही कोण, तर सगळ्यांचं उत्तर साधारण एकच होतं, आमच्याकडे आबा आले होते. मुलगा सगळ्यांना हात जोडत होता. रडत नव्हता. माझ्याजवळ आला तेव्हा हळूच म्हणाला, “मास्तर, मी बोलनू नई. त्या इचारेत, ऊना का. मन्हा तोंडमाईन शब्द निंघना नई.”

मी तिखट माणूस आहे, गोड बोलायची सवय नाही. पण खोटंही बोलवत नाही. म्हटलं, “बोलायला हवं होतंस. दोन वर्षं वाट पाहिली त्यांनी.” त्याचं तोंड पाहून पुढचं म्हटलं, “पण पाय कोण चेपतंय ते त्यांना कळलं होतं.”

त्यानंतर तो दुकानाकडे फिरकला नाही. मला वाटलं, माझं बोलणं लागलं असेल. लागलं तर लागलं. आबांच्या जागेवर मी कुणाला बसू देत नव्हतो. गिऱ्हाईक टेकायला लागलं की सांगायचो, तिथं ओलं आहे.

श्रावण आला. कानबाईच्या दिवशी मी दुकान उघडून बसलो होतो. दुपारी मोटारसायकल थांबली. मुलगा. हातात पांढऱ्या फडक्यात बांधलेलं काहीतरी, दोन्ही हातांनी धरलेलं. आत आला, आबांच्या कोपऱ्याकडे पाहिलं आणि उभाच राहिला.

“मास्तर, गहू मोजाले मी बठेल व्हतू. आबाना नावनी सव्वा मूठ बी मोजी लिधी. सगळा म्हनेत, मरेल मानूसना वाटा ऱ्हास नई, परत ठेव.”

“बरोबरच आहे त्यांचं.”

“हा. ठेई दिधा परत.” त्यानं फडकं सोडलं. आत अर्धा रोट होता, हातानं मोडलेला. “हाई मन्हा वाटामाईन शे. आजीनी आबाले दिधा व्हता तसा.”

मी मशीनवरचा हात काढला. “अरे, पण मी तुमच्या कुळातला नाही. रोट परक्याला देत नाहीत. तुझे भाऊबंद काय म्हणतील?”

“इचारं त्यास्नी. मी सांगं, दवाखानामा तुम्ही कोठे व्हतात? मास्तर हजर व्हतात.”

 मी हात धुतले, टोपी घातली आणि ओंजळीत तो रोट घेतला. मुलगा बसला. बसला तो आबांच्या कोपऱ्यातच, आणि मी काही म्हटलं नाही.

“पीठ मीच मळं,” तो म्हणाला. “दार उघडं ठेईसन मळं. लोके पाही ऱ्हायंतात. मी सांगं, आमना आबा आचारी व्हतात, जहाजवर.” थोडं थांबून त्यानं पुन्हा म्हटलं, कुणालाच नाही, नुसतंच. “आबा.”

रोट कडक झाला होता. पाणी कमी पडलं होतं आणि मळणं घाईचं होतं, आबांनी नक्की नावं ठेवली असती. मी तो चावून चावून सगळा खाल्ला, आणि खाताना खाली फडकं धरलं होतं, कण सांडू नये म्हणून.